ड्रायव्हर नको, त्याचा इंजिनिअर ऐका: फटकळ एफ-वन ड्रायव्हरांच्या मागे लागण्याची नवख्यांसाठी वाट

२०१५ च्या जपान ग्रांप्रीत फर्नांडो अलोन्सो रेडिओवर ओरडला, "जीपी-टू इंजिन! जीपी-टू!" आणि मग नुसताच वैतागाचा एक हुंकार. ही क्लिप पहिल्यांदा पाहणाऱ्याला एवढंच कळतं की गडी चिडलाय. गंमत त्यापुढे आहे. जीपी-टू म्हणजे तेव्हाची एफ-वनच्या खालची पायरी. आज तिलाच फॉर्म्युला टू म्हणतात, आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला जिथे २०२० ते २०२३ असे चार सीझन धावला तीच. अलोन्सोच्या मॅक्लारेनमध्ये इंजिन होतं होंडाचं. शर्यत होती सुझुकाला, आणि सुझुकाचा ट्रॅक होंडाच्याच मालकीचा. म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या घरात बसून, सगळ्या जगाला ऐकू जाईल अशा आवाजात, यजमानाचा स्वयंपाक काढला. वर कडी म्हणजे २०२६ मध्ये हाच अलोन्सो ॲस्टन मार्टिनच्या ज्या गाडीत बसतो, तिचं इंजिन पुन्हा होंडाचंच.

तेव्हा फटकळ ड्रायव्हरांची मजा त्यांच्या आरडाओरड्यात जेमतेम चार आणे असते. बाकीचे बारा आणे कुणाला, कधी आणि कशावरून, यात. गाड्यांतलं काही कळत नसेल तरी बिघडत नाही. माणसांतलं कळत असेल तर तुमची अर्धी तयारी झालेली आहे. उरलेली अर्धी खाली देतो.

पायरी १: कुठे आणि किती वाजता

भारतात एफ-वनचा पत्ता बदलत आलाय. बरीच वर्षं स्टार स्पोर्ट्सवर, २०२३ चा सीझन एफ-वनच्या स्वतःच्या एफ-वन टीव्ही सेवेवर, २०२४ पासून फॅनकोडवर. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी स्काय स्पोर्ट्स, अमेरिकेतल्यांसाठी २०२६ पासून ॲपल टीव्ही. पैसे भरण्याआधी एकच गोष्ट तपासा: घेताय त्या प्लॅनमध्ये फक्त मुख्य प्रक्षेपण आहे, की प्रत्येक गाडीचा ऑनबोर्ड कॅमेराही आहे? आपल्या छंदासाठी ऑनबोर्ड फार कामाचा, कारण तिथे त्या एकाच ड्रायव्हरचं रेडिओवरचं बोलणं ऐकता येतं. पण पहिल्याच दिवशी वर्षभराचा पास घेऊ नका. एक-दोन शर्यतींचे हायलाइट्स एफ-वनच्या यूट्यूब चॅनेलवर फुकट पाहा. जीव रमला तर पुढचं.

वेळेच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. युरोपातल्या बहुतेक शर्यती भारतात रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात, इंग्लंडमधली सिल्व्हरस्टोनची शर्यत साडेसातला. जपानची सकाळी साडेदहाच्या सुमारास, म्हणजे पोहे खाता खाता. ऑस्टिन, मेक्सिको आणि मायामी मात्र आपल्या मध्यरात्रीनंतर येतात. सुरुवात त्यांनी करू नका. सोमवारी ऑफिस आहे, आणि अर्धवट झोपेत रेडिओवरचा टोमणा हमखास निसटतो.

पायरी २: जोडी निवडा

नवखे लोक आवडता ड्रायव्हर निवडतात. मी म्हणेन, आवडती जोडी निवडा: ड्रायव्हर आणि त्याचा रेस इंजिनिअर. ड्रायव्हरच्या कानात बहुतेक वेळ हाच एक आवाज असतो. टीममधली बाकी माणसं त्याच्यामार्फतच बोलतात. ताशी तीनशेच्या वेगात गाडी हाकणारा माणूस भडकणारच, त्यात विशेष काही नाही. त्यावर पिटच्या (ट्रॅकलगत गाडी थांबवून टायर बदलतात ती जागा) भिंतीवर बसलेला माणूस काय बोलतो, किंवा काय बोलत नाही, यात खरी करमणूक आहे.

सगळ्यात गाजलेली जोडी मॅक्स वर्स्टापन आणि जानपिएरो लाम्बिआसे यांची. २०१६ च्या स्पेन ग्रांप्रीला अठरा वर्षांचा मॅक्स रेड बुलमध्ये आला, पहिलीच शर्यत जिंकला, आणि तेव्हापासून त्याच्या कानात लाम्बिआसे. नाव इटालियन, बोलणं अस्सल इंग्रजी कोरडेपणाचं. मॅक्स शिव्यांची लाखोली वाहतो आणि हा पुढच्या गाडीचं अंतर सांगतो. २०२४ च्या हंगेरीत मॅक्स डावपेचांवरून शर्यतभर करवादत होता, शेवटी हॅमिल्टनच्या गाडीवर आदळला. तो तक्रार करायला लागला तेव्हा लाम्बिआसेने सांगून टाकलं की इतर टीम्सशी रेडिओवर भांडत बसणार नाही, पोरकटपणा आहे हा. तो शब्द टीम्सना उद्देशून होता की मॅक्सला, हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत मॅक्सच्या विरोधात आहे.

लुईस हॅमिल्टन म्हणजे वेगळी चव. मर्सिडीजमध्ये पीटर बॉनिंग्टन, अर्थात 'बोनो', त्याचा इंजिनिअर होता. टायर संपल्याची हॅमिल्टनची रड इतक्यांदा खोटी ठरली, की तो विनोदाचाच विषय होऊन बसला. २०२५ मध्ये तो फेरारीत गेला. नवी माणसं, तारा जुळलेल्या नाहीत. मायामीत त्याला सहकारी शार्ल लक्लेरच्या पुढे जायचं होतं आणि टीमचा निर्णय होईना. तेव्हा साहेब म्हणाले, ठरवताय तोवर चहा घेऊन या. शेवटी त्याला पुढे सोडलं, पण नंतर त्यालाच जागा परत द्यायला लावली. मग इंजिनिअरने सांगितलं की मागे कार्लोस साइन्झ आहे, एक पूर्णांक चार सेकंदांवर. हॅमिल्टन: "त्यालाही पुढे जाऊ देऊ का?" आता हे लक्षात घ्या की साइन्झची फेरारीतली खुर्ची हॅमिल्टननेच घेतली होती. मग वाक्य पुन्हा ऐका.

लँडो नॉरिस दुसऱ्यांवर कमी आणि स्वतःवर जास्त तुटून पडतो. २०२५ चं विजेतेपद मिळवणारा हा माणूस पात्रता फेरीतल्या एका चुकीवरून स्वतःला जे बोलतो, ते त्याचा शत्रूही बोलणार नाही. प्रत्येकाची आवड वेगळी. मात्र इंजिनिअर सीझनगणिक बदलतात, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला कोण कुणाच्या कानात आहे ते पाहून घ्या.

पायरी ३: गुरुवारपासून ऐका

शर्यत रविवारची, पण बोलणं गुरुवारी सुरू होतं. त्या दिवशी ड्रायव्हर पत्रकारांसमोर बसतात. शुक्रवारी सराव, शनिवारी पात्रता फेरी, रविवारी शर्यत. वर्षातल्या काही आठवड्यांत शनिवारी छोटी स्प्रिंट शर्यतही असते. सगळं पाहायला गेलात तर घरचे विचारतील, नोकरी सोडलीस का. सराव सोडून द्या. गुरुवारच्या बातम्या चाळा, शनिवारची पात्रता फेरी पाहा. ती तासाभराची असते आणि ड्रायव्हरांचा ताण तिथे नागडा दिसतो.

गुरुवार कशासाठी? २०२३ मध्ये लास वेगासची नवी शर्यत आली तेव्हा वर्स्टापनने तिची खिल्ली उडवली: नव्व्याण्णव टक्के तमाशा, एक टक्का खेळ. आणि रविवारी, म्हणजे तिथल्या शनिवारी रात्री, तीच शर्यत जिंकून रेडिओवर वेगासचं गाणं म्हणत होता. पहिला अर्धा भाग ठाऊक नसेल तर दुसऱ्यात नुसता एक बेसुर माणूस ऐकू येतो.

पायरी ४: दहाएक शब्द

समालोचन इंग्रजीत असतं आणि रेडिओवर खरखर. घाबरू नका. मुख्य प्रक्षेपणात निवडक संवाद पडद्यावर लिहूनही येतात. थोडे शब्द कानात बसवले की काम भागतं.

'बॉक्स बॉक्स' म्हणजे या फेरीत पिटमध्ये ये. 'पुश' म्हणजे दामटव. 'लिफ्ट अँड कोस्ट' म्हणजे वळणाच्या आधीच पाय उचल आणि गाडी वाहू दे, इंधन किंवा ब्रेक वाचवायला. ड्रायव्हरांना हे अजिबात आवडत नाही. या सूचनेनंतर जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी असते. 'अंडरस्टिअर' म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तरी गाडीचं नाक वळत नाही, 'ओव्हरस्टिअर' म्हणजे मागचा भाग निसटतो. 'अंडरकट' म्हणजे पुढच्याच्या आधी टायर बदलून, ताज्या टायरवर वेगाने फेरी मारून त्याला गाठणं. 'डर्टी एअर' म्हणजे पुढच्या गाडीने घुसळलेली हवा, जिच्यात मागच्याची पकड कमी होते. 'ट्रॅक लिमिट्स' म्हणजे पांढऱ्या रेषेबाहेर गेल्याचा ठपका. निळा झेंडा म्हणजे मागून एक फेरी पुढे असलेला येतोय, वाट दे. या निळ्या झेंड्यावरून जितक्या शिव्या झाल्या असतील, तितक्या बहुधा दुसऱ्या कशावरूनच झाल्या नसतील. 'कॉपी' म्हणजे ऐकलं. कॉपी म्हणजे 'मान्य' असं मात्र समजू नका.

पायरी ५: हे बोलणं नेमकं कुणासाठी?

इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेक नवखे इथेच फसतात. एफ-वनचा रेडिओ खासगी नसतो. प्रतिस्पर्धी टीम्स ऐकतात, रेस कंट्रोल (शर्यत चालवणारे अधिकारी) ऐकतं, प्रक्षेपणवाले ऐकतात. ड्रायव्हरांना हे पक्कं माहीत असतं. त्यामुळे एकाच वाक्याचे तीन श्रोते असू शकतात.

"त्याने मला ट्रॅकबाहेर ढकललं!" हे ऐकलं की समजा, बोलणं इंजिनिअरशी असलं तरी अर्ज पंचांकडे आहे. "माझे टायर गेले" हे कधी खरं असतं, कधी मागच्या टीमला गाफील ठेवण्यासाठी. पडताळणी सोपी आहे. एफ-वनच्या ॲपवर लाइव्ह टायमिंग उघडा आणि टायर 'गेलेल्या' माणसाच्या पुढच्या दोन फेऱ्यांची वेळ पाहा. वेळ सुधारली तर साहेबांनी थाप मारली. पुढच्या वेळी त्याची रड ऐकून तुम्हीही हसाल.

दुसरं असं की, मुख्य प्रक्षेपणात कोणता संवाद लावायचा हे प्रोड्युसर ठरवतो, आणि तो जरा उशिरानेच लागतो. वळणावरची धडक आत्ता, तिच्यावरची शिवी थोड्या वेळाने. शांतपणे "ठीक, समजलं" म्हणणारा ड्रायव्हर पडद्यावर येतच नाही. त्यामुळे ठरावीक चारपाच जण कायम भांडत असतात असं चित्र उभं राहतं. नेटफ्लिक्सवरच्या 'ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह' या माहितीमालिकेबद्दलही हेच. २०१९ पासून तिने लाखो नवे प्रेक्षक आणले आणि हास टीमचा तेव्हाचा शिवराळ बॉस गुंथर स्टायनर याला तारा केलं. पण वैरं फुगवून दाखवतात म्हणून वर्स्टापनने काही काळ तिच्यासाठी मुलाखती देणंच बंद केलं होतं. मालिका जरूर पाहा, पण आधी तीन-चार शर्यती पाहा.

म्हणूनच मांडणी अशी ठेवा: टीव्हीवर मुख्य प्रक्षेपण, फोनवर टायमिंग, आणि शक्य असेल तर दुसऱ्या पडद्यावर तुमच्या ड्रायव्हरचा ऑनबोर्ड. दोन्ही स्ट्रीम काही सेकंद मागेपुढे असतात, ते जुळवत बसू नका. पहिल्या फेरीला मुख्य प्रक्षेपणच बघा. मधल्या कंटाळवाण्या फेऱ्यांत ऑनबोर्डवर जा. आघाडीवर काही घडत नसतं तेव्हाच खाली बाराव्या क्रमांकावर कुणीतरी आपल्या इंजिनिअरचं डोकं खात असतं.

पायरी ६: सांकेतिक बोली

टीमला एका ड्रायव्हरला मागे ठेवायचं असेल तर ते क्वचितच सरळ सांगतात. २०१० मध्ये टीम ऑर्डर देणं नियमबाह्य होतं. त्या वर्षी हॉकेनहाइमला आघाडीवरच्या फेलिपे मासाला त्याचा इंजिनिअर रॉब स्मेडली एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे. हा निरोप समजल्याचं सांगशील का?" मासाने अलोन्सोला वाट दिली. फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला, आणि असल्या बंदीचा उपयोग नाही हे उमगून २०११ पासून ती काढूनच टाकली. त्याच २०१० मध्ये सिल्व्हरस्टोनला मार्क वेबर शर्यत जिंकून रेडिओवर बॉसला म्हणाला, "दोन नंबरच्या ड्रायव्हरसाठी काही वाईट नाही." त्या आठवड्यात रेड बुलने नवी पुढची पंखी वेबरच्या गाडीवरून काढून सहकारी सेबास्टियन फेटलला दिली होती.

तीन वर्षांनी मलेशियात त्याच दोघांना 'मल्टी २१' असा संकेत मिळाला: दोन नंबरची गाडी पुढे, एक नंबरची मागे. दोन नंबर वेबरचा. फेटलने ऐकलं, दुर्लक्ष केलं, वेबरला मागे टाकून जिंकला. पोडियमआधीच्या खोलीत वेबर एवढंच बोलला: "मल्टी २१, सेब." मला विचाराल तर या खेळातला सगळ्यात झोंबरा टोमणा हाच, आणि त्यात एकही अपशब्द नाही.

पायरी ७: शिव्यांचा हिशेब

मुख्य प्रक्षेपणात शिव्यांवर बीप असतो, त्यामुळे पोरंबाळं शेजारी बसली तरी चालतं. पण शिव्या हा गेल्या काही वर्षांत स्वतंत्र वादच झालाय, तो माहीत असावा. सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरच्या गुरुवारच्या पत्रकार परिषदेत वर्स्टापनने आपल्या गाडीचं वर्णन एका इंग्रजी शिवीने केलं. एफआयएने, म्हणजे मोटर शर्यतींच्या जागतिक नियामक संस्थेने, त्याला समाजोपयोगी काम करण्याची शिक्षा दिली. त्याने पुढच्या अधिकृत परिषदेत तुटक उत्तरं दिली आणि पत्रकारांना सांगितलं, सविस्तर बोलायचं तर खोलीबाहेर भेटा. बाहेर मग मोकळेपणाने बोलला. ते काम त्याने डिसेंबरमध्ये रवांडात, तिथल्या होतकरू मोटरस्पोर्ट खेळाडूंसोबत केलं. त्याच वर्षी मेक्सिकोत लक्लेरच्या तोंडून पत्रकार परिषदेत एक शब्द निसटला. दहा हजार युरो दंड, त्यातले पाच हजार स्थगित.

२०२५ च्या सुरुवातीला दंडाचं दरपत्रकच आलं. पहिला मोठा फटका रॅलीच्या एद्रियँ फूर्मोला बसला, स्वीडनमध्ये मुलाखतीतल्या एका शब्दावरून. मग केनियाच्या सफारी रॅलीत ड्रायव्हरांनी नामी युक्ती काढली: टप्पा संपल्यावर माइक समोर आला की एकतर गप्प बसायचं, नाहीतर आपापल्या मायबोलीत बोलायचं. मे महिन्यात एफआयएने मूळ दंड निम्मा केला, आणि पत्रकार परिषदेतलं बोलणं वेगळं, ऐन शर्यतीतलं वेगळं, असा फरक मान्य केला. हे आधीच व्हायला हवं होतं. खुर्चीत बसलेल्या माणसाला आणि भिंतीवर आदळता आदळता वाचलेल्या माणसाला एकच माप कसं लावणार?

टीमच्या बॉसांचं तोंड मात्र खरंच बंद झालं. २०२१ च्या अबू धाबीत मर्सिडीजचे टोटो वुल्फ थेट रेस डायरेक्टर मायकेल मासी यांच्याशी हुज्जत घालताना साऱ्या जगाने ऐकले. पुढच्या वर्षापासून बॉस आणि रेस डायरेक्टर यांचा असा थेट संवाद थांबवला गेला. करमणूक घटली, पण योग्यच झालं.

पायरी ८: झेंडा पडल्यावर टीव्ही बंद करू नका

शर्यतीनंतर पहिले तिघे पोडियमआधी एका खोलीत पाणी पीत रिप्ले पाहतात आणि माइक चालू असतो. मल्टी २१ तिथलाच. २०१९ च्या कॅनडात तर फेटलने बोलायचंही टाळलं. पाच सेकंदांच्या शिक्षेने त्याचा विजय गेला होता. त्याने सरळ जाऊन हॅमिल्टनच्या गाडीसमोरची '१' ची पाटी उचलली, स्वतःच्या रिकाम्या जागेसमोर नेऊन ठेवली, आणि हॅमिल्टनपुढे '२' ठेवली. त्यानंतर ड्रायव्हर एकेका चॅनेलच्या माइकपुढे उभे राहतात. तोच प्रश्न सातआठ वेळा येतो. पहिल्या माइकवर सभ्य असलेला माणूस शेवटच्यावर खरं बोलतो.

सरावाची शर्यत

पुढची शर्यत लांब असेल तर जुन्या दोन पाहा. पहिली अबू धाबी २०१२. हॅमिल्टन बंद पडल्यावर किमी रायकोनेन आघाडीवर येतो. इंजिनिअर त्याला सांगतो की मागे अलोन्सो पाच सेकंदांवर आहे, अंतर कळवत राहीन. किमी म्हणतो, "मला एकटं सोड, काय करायचं ते मला माहितीये." पुढे सेफ्टी कारच्या (अपघातानंतर सगळ्यांना हळू ठेवायला पुढे धावणारी गाडी) मागे टायर गरम ठेवायची आठवण केली तर आणखी एक फटका: होय होय, तेच करतोय, दर सेकंदाला सांगायची गरज नाही. इंजिनिअर बिचारा आपलं काम करत होता. सेफ्टी कारमागे टायर गार पडले की पुन्हा सुरुवात होताना गाडी घसरते. किमी जिंकला, म्हणून ते वाक्य टी-शर्टवर छापलं गेलं. हरला असता तर?

दुसरी हंगेरी २०२४, पूर्ण. मागे मॅक्स आणि लाम्बिआसे यांचं वर सांगितलेलं भांडण, पुढे नॉरिस आणि त्याचा इंजिनिअर विल जोसेफ. पिटस्टॉपच्या क्रमामुळे नॉरिस सहकारी ऑस्कर पियास्त्रीच्या पुढे आला होता, आणि ती जागा परत द्यायची होती. जोसेफ फेरीमागून फेरी समजावतो, कधी सांगून, कधी सुचवून, कधी नुसतं संघभावनेचं नाव काढून. नॉरिस अगदी शेवटच्या फेऱ्यांपर्यंत ताणतो आणि मग वाट देतो. पियास्त्रीचा तो पहिला एफ-वन विजय. नंतर खोलीत तिसरा आलेला हॅमिल्टन मॅक्लारेनच्या वेगाचं कौतुक करतो, तर नॉरिस त्याला ऐकवतो की सात वर्षांपूर्वी वेगवान गाडी तुमच्याकडे होती. पहिल्यांदा पाहताना फक्त नॉरिसकडे लक्ष द्या. दुसऱ्यांदा फक्त जोसेफकडे, आणि प्रत्येक आर्जवानंतर किती सेकंद शांतता पसरते ते मोजा.